चूल सारवल्याबिगर जाळ न्हाय

"भट्टी पेटायची न्हाय म्हंजी न्हाय, अप्पा. आदी वरचं भोक साफ हुईल, मग जाळ."

"सोजरे, सुम्ने कूड!" मुकादम वीरभद्रप्पा खेकसला. राग आला की गडी मराठीवरनं कानडीवर घसरायचा. गप बस, एवढंच म्हणायचं होतं त्याला. "खंडेनवमीला समदा कारखाना झाडतोच की आपन. तवा करू."

"आग काय पंचांग बगून येती व्हय?"

बाया फस्सकन हसल्या. मुकादमाच्या कपाळावरचं भस्म आठ्यांत गेलं.

सोजरबाई आमच्या वेळापूरकडची. तीस-एकतीसच्या साली सोलापुरात सूत रंगवायच्या एका कारखान्यात होती. पावसाळ्यात रंगवलेल्या लडी उन्हात वाळत नाहीत, म्हणून तिथं एक बंद खोली होती. बाहेरच्या भट्टीचा जाळ लोखंडी नळातनं खोलीभर फिरायचा, वर बांबूंना लडी टांगायच्या आणि ओली वाफ छतातल्या झरोक्यातनं बाहेर जायची. सुताची धूळ मात्र कुठं जात नाही. ती नळांवर बसते, झरोक्यात साठते. त्यात मुकादमानं हुशारी केलेली. ऊब वाया जाती म्हणून झरोक्यात गोणपाट कोंबून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी तापल्या नळावरची धूळ पेटली आणि ठिणगी सोजरबाईच्या सुनेच्या, बनाबाईच्या पदरावर पडली. बायांनी ओल्या लडी मारून विझवली. मुकादम आला आणि बनाबाईलाच म्हणाला, "लुगडं सावरून काम करत जा की."

ते सोजरबाईला झोंबलं. म्हणून आज ती भट्टीच्या तोंडाशी फतकल मारून बसली होती. जाळवाला धुळा पाटीत निखारे घेऊन तसाच उभा.

"ऊठ. न्हायतर कामावरनं काढीन. तुज्यासारक्या दारात ढिगानं उब्या हायती."

"काढा की! पन नव्या बायांनला आदी सांगा, वर काय कोंबलंय ते."

"ऊब ऱ्हावी म्हून कोंबलंय!"

"आन ओल कुटनं जावी? तुमच्या डोस्क्यातनं?" सोजरबाई हलली नाही. "अप्पा, एक सांगा. घरी चंद्रव्वावैनी चूल कशी पेटवत्यात?"

"चुलीचं हितं काय?"

"सांगा की."

"राक काडत्यात, सारवत्यात, मग पेटवत्यात. समद्या बाया तसंच करत्यात."

"मग? चार भाकरीच्या चुलीला रोज सारवन, आन एवढ्या बाया जिच्या उबंला दिसभर उब्या, तिला वरसातनं एकदा? ही चूल न्हाय व्हय? का हितं भाकरी भाजत न्हायती, बाया भाजत्यात म्हून चालतंय?"

आता कुणी हसलं नाही. बनाबाईनं हातातली लड खाली ठेवली. तिचं बघून बाकीच्यांनीही ठेवल्या.

"मग कर जा तूच!" मुकादम ओरडला. "पन लडी वल्या ऱ्हायल्या तर बगून घीन."

सोजरबाईनं कासोटा आवळला, बांबूला केरसुणी बांधली आणि खोलीत शिडी लावून चढली. झरोक्यातलं गोणपाट हिसडून काढलं. त्याच्या मागनं धुळीचे लोटच्या लोट आले. खालच्यांची डोकी धुळीनं माखली. गोणपाट फरशीवर पडलं तेव्हा त्याची एक कड करपलेल्या भाकरीगत काळी होती. आत कधीतरी धुमसून आपसूक विझलं होतं.

मुकादमानं ते पायानं बाजूला सारलं. "धुवून ठिवा. पुन्ना कामाला यील."

सोजरबाई खाली उतरली. नळ झाडून काढलेली धूळ तिनं त्याच गोणपाटात गुंडाळली, बाहेर आली आणि गठुडं भट्टीत सारलं. मुकादम तिच्या मागोमाग आलेला. धुळाला म्हणाली, "टाक रं निखारा."

भक्क करून जाळ भट्टीच्या तोंडाबाहेर आला. धुळाच्या भुवया करपल्या, मुकादम दोन पावलं मागं सरला. पुन्हा बघेपर्यंत गठुड्याची राख झालेली. मुकादम खोलीत गेला आणि मान वर करून मोकळ्या झरोक्याकडं बघत राहिला.

"उंद्याबी झाडूनच," सोजरबाई म्हणाली.

"वरडू नगंस," तो पुटपुटला. "केरसुनी हितंच ठिव."

तिनं ती दाराशी टेकवली. "पेटलीच हाय तर लाकडं घाल, धुळा. बने, बगत काय बसलीस? लडी दे वर."