एवढं एक वाक्य काढा

नाशिक सोडून दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी कंटाळूनच काढली. नवरा प्लास्टिकच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. टोकरखाड्यातल्या आमच्या सोसायटीत सकाळी कंपन्यांच्या बस येऊन पुरुषांना घेऊन जायच्या आणि मग दिवसभर जिन्यात कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू यायच्या. म्हणून मराठी मंडळाच्या लोकांनी स्नेहसंमेलनासाठी छोटं नाटक लिहून द्याल का, असं विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

विषय मला घरातच मिळाला. नवऱ्यानेच एकदा जेवताना हसत हसत सांगितला होता. कंपनीत तपासणीला बाहेरचे साहेब येणार असले की आदल्या दिवशी भिंतींना चुना लागतो, कुंड्या येतात, आणि सकाळच्या पाळीला कामगारांना नवे कोरे बूट, हेल्मेट, हातमोजे वाटतात. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की स्टोअरवाला पोतं घेऊन फिरतो आणि सगळं परत गोळा करतो. "एकाचा बूट पायातून निघेना, तर दोघांनी ओढून काढला," असं सांगताना तो ठसका लागेपर्यंत हसला होता. मीही हसले होते.

त्यावर मी वीस-पंचवीस मिनिटांचं विनोदी नाटक लिहिलं. त्यातला मुख्य कामगार करायला शिरपूरकडचा, दुसऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेला मशीन ऑपरेटर मिळाला. जवळच्या अथाल गावात खोली घेऊन बायको, दोन मुली आणि धाकट्या भावासोबत राहायचा. तीसेक वर्षांचा, सडपातळ, एरवी मान खाली घालून बोलणारा. मंडळाचे लोक त्याला एकेरी हाक मारायचे आणि मला 'वहिनी'. तो मला 'ताई' म्हणायचा. तालमीला उभा राहिला की मात्र हा माणूस बदलायचा. नुसतं खाली वाकून पायाकडे बघायचा आणि आम्ही सगळे हसून लोळायचो. नाटकाचं शेवटचं वाक्य त्याचं होतं. मोठे साहेब त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारतात, "काय, खूश आहेस ना?" आणि तो म्हणतो, "साहेब, हे बूट संध्याकाळी परत करायचे का?"

संमेलनाच्या आधीच्या आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षांनी मला घरी चहाला बोलावलं. मूळचे पुण्याचे, मोठ्या हुद्द्यावरचे, अतिशय गोड बोलणारे.

"वहिनी, नाटक फर्स्ट क्लास. फक्त एवढं एक वाक्य काढा."

"कुठलं?"

"ते शेवटचं, बुटांचं. यंदा आपल्या ऑपरेटरच्या कारखान्याचे शेठ प्रमुख पाहुणे आहेत. हॉल त्यांनीच दिलाय. उगाच त्यांना वाटायचं, आपल्यालाच टोमणा आहे."

"पण ते वाक्य काढलं तर नाटकात राहतं काय?"

"हसू राहतं ना! लोक हसायलाच येतात." मग त्यांनी बायकोला माझ्यासाठी आणखी चिवडा आणायला सांगितला.

मी वाक्य काढणार नाही, हवं तर नाटकच रद्द करा, असं सांगून उठले. घरी पोचेपर्यंत त्यांचा नवऱ्याला फोन होऊन गेला होता.

"तुला काय पडलंय गं?" नवरा म्हणाला. "मला त्याच लोकांत नोकरी करायचीय."

"तूच तर सांगितलं होतंस मला हे."

"घरात सांगितलं होतं. घरातलं घरात."

दुसऱ्या दिवशी तालमीला मी सगळ्यांना नाटक बंद झाल्याचं सांगितलं. ऑपरेटर म्हणाला, "ताई, बंद नका करू. मुलींनी गल्लीभर सांगून ठेवलंय. काढा ते वाक्य. साहेब विचारतील, खूश आहेस ना, तर मी मान हलवेन." इतरांनीही तेच म्हटलं. त्यांचं नाटक बुडवायचा हक्क मला नव्हता. मी अध्यक्षांना तसं कळवलं.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. पुढच्या खुर्च्यांवर शेठ, मॅनेजर मंडळी, साड्या नेसलेल्या आम्ही. मागे भिंतीपर्यंत खानदेशचे कामगार, बायकापोरांसह. नाटक रंगलं. साहेबाने पाठीवर हात ठेवला. "काय, खूश आहेस ना?"

त्याने मान हलवली. नाटकातला साहेब जायला वळलाही. आणि मग हा पायातल्या बुटांकडे बघत, माझ्या शुद्ध मराठीत नाही, आपल्या घरच्या अहिराणीत म्हणाला, "साहेब, ह्या बूट सांजले परत देना पडतीन का?"

आधी मागचे हसले. असं हसू मी त्या हॉलमध्ये कधी ऐकलं नव्हतं. शिट्ट्या, टाळ्या, कुणी तरी ओरडलं, "देना पडतीन, भाऊ, देना पडतीन!" ते हसू पुढे सरकत आलं. शेठही हसले. शेजारच्याने अर्थ सांगितल्यावर आणखी जरा हसले. शेवटी त्यांनीच त्याला नारळ दिला, पाठ थोपटली. मला वाटलं, आम्ही उगाच घाबरलो होतो.

सोमवारी कारखान्याच्या फाटकावर त्याला आत घेतलं नाही. ठेकेदार म्हणाला, "काम कम है. बुलाएँगे." त्याच मशीनवर दुपारी दुसरा माणूस उभा होता. हे त्याच्या भावाने सांगितलं. भाऊ त्याच कारखान्यात पॅकिंगला होता. ऑपरेटर शेजारच्या दोन-तीन कारखान्यांतही विचारून आला. सगळीकडे काम कमीच होतं.

मी अध्यक्षांकडे गेले. या वेळी चहा नव्हता.

"त्याचा आणि नाटकाचा काय संबंध, वहिनी? ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार बघेल."

"मग शेठकडे एक शब्द टाका."

"कशाबद्दल? त्यांनी काही केलंच नाही."

खरंच कुणीच काही केलं नव्हतं. कुणी रागावलं नाही, कुणी धमकी दिली नाही. मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळा प्रकार लिहिला. दहा मिनिटांत ॲडमिनने तो मेसेज काढून टाकला आणि त्यानंतर ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येऊ लागलं. सकाळी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात आलं. जिन्यात भेटलेल्या एका बाईने माझा हात दाबला, "बरं लिहिलंत हो," असं कुजबुजली आणि वरून कुणी येतंय का बघत निघून गेली.

मग मी फेसबुकवर लिहिलं. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण सिल्वासातल्या माणसाला कळेल असं लिहिलं. नवऱ्याने ते वाचलं आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर निघून गेला. संध्याकाळी ऑपरेटरचा फोन आला. तोवर तो बायकामुलांना घेऊन शिरपूरला परतला होता. मला वाटलं, बरं वाटलं असेल त्याला.

"ताई, ते लिहिलेलं काढा."

"का? तुझ्याच बाजूने लिहिलंय."

"माहितीये. पण मना भाऊ आजून तठेच शे." भाऊ खरंच अजून त्याच कारखान्यात होता. "त्याला आज ठेकेदाराने विचारलं, तुझा भाऊ शिकला कुठे एवढं बोलायला?"

मी ते काढलं. काढताना फोनने विचारलं, नक्की काढायचं का? हो म्हटलं.

पुढच्या वर्षीच्या संमेलनाला वापीचा ऑर्केस्ट्रा आणला होता. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, आपलं मंडळ म्हणजे परमुलखात मराठी माणसाला मिळालेलं मोकळं व्यासपीठ आहे, इथे प्रत्येकाने मन मोकळं करावं. टाळ्या झाल्या. मी उठून बाहेर आले. नवरा बसून राहिला. त्यालाही टाळ्या वाजवताना मी दारातून पाहिलं.