भोंगेनाना आणि टोपीचं गाणं

आमच्या गावात लग्नाला भटजी उशिरा आले तर चालायचं, भोंगेनाना उशिरा येऊन चालत नसे. लाउडस्पीकरचा सेट त्यांचा. आणि मुलीच्या पाठवणीला लागणारं ते एक गाणं असलेली कॅसेटही त्यांच्याचकडे. ते गाणं सुरू झालं की नवऱ्या मुलीपासून आचाऱ्यापर्यंत सगळे ढसाढसा रडत. त्यातला एक शब्दही कुणाला कळत नव्हता.

कॅसेट नानांनी विकत घेतली नव्हती. मेहकरच्या बाजारातून त्यांनी जुना टेपरेकॉर्डर आणला, त्याच्या पोटात ती निघाली. वर मुंग्यांसारखी अक्षरं. नानांच्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात घाईघाईत सनईऐवजी तीच लागली. लाटांची सळसळ, बांबूवर टकटक केल्यासारखा ताल आणि एका बाईचा बारीक, गोड आवाज. सकाळपासून डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या बहिणीने असा हंबरडा फोडला की जीपचा ड्रायव्हरही खाली उतरून रडला. तेव्हापासून पंचक्रोशीत त्या गाण्याशिवाय मुलगी गाडीत बसेना. कुणी म्हणे ते बंगाली आहे, कुणी नेपाळी. एका कीर्तनकारबुवांनी तर ते दक्षिणेतलं देवीचं पद ठरवून दोन ओळींचा अर्थही सांगितला होता. नानांना विचारलं की ते म्हणत, "रडाच्या गाण्याले भाषा कायले पायजे बे?"

नाना सेटला हात लावण्याआधी पाय धूत. माईकवर कधी ओरडत नसत. "पोरीचा बाप बोलून राह्यला असन त आपन गप रायाचं," हा त्यांचा नियम. मी चिखलीला शिक्षक झालो, गावात डीजे आला, पण पाठवणीच्या वेळी डीजेवालाही आपला आवाज बंद करून नानांकडे बघे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीच्या लग्नात तिच्या पुण्याच्या मैत्रिणीने गाणं ओळखणारं ॲप लावून भोंग्यापुढे फोन धरला आणि ती ओरडली, "काका, हे तर जपानी गाणं आहे!" चाळीसेक वर्षांपूर्वीचं. तिकडेही कुणी फारसं ऐकलं नव्हतं, आता कुठे शौकीन लोक ते शोधू लागले होते. ती मुलगी जपानी शिकलेली. दुसऱ्या दिवशी पारावर सगळ्यांसमोर तिने अर्थ वाचून दाखवला: बेटावर ऊन आहे, अननसाचा रस गार आहे, माझ्या नाकाची सालं निघाली आहेत, बोट सुटली आणि अरे देवा, माझी टोपी काठावरच राहिली.

प्रत्येक पाठवणीला सगळ्यांत आधी रडणाऱ्या सिंधूकाकू म्हणाल्या, "म्हंजे इतके साल मी अननसासाठी रडून राह्यली?"

बायका नानांकडे रागाने बघू लागल्या. नाना शांतपणे उठले. "बोट सुटली अन टोपी काठावर राह्यली. बिदाई याच्यापेक्षा काय वेगळी असते, सांगा बरं?" सिंधूकाकूंनी क्षणभर विचार केला आणि पदर डोळ्यांना लावला.

नानांना मात्र वेगळीच गोष्ट लागली. ते गाणं तिकडे चाललंच नाही, ही. दोन दिवसांनी ते माझ्या घरी आले. "मास्तर, त्या बाईले कळवलं पायजे. तिले वाटत असन, आपलं गाणं वाया गेलं." त्यांनी पत्र सांगितलं, मी लिहिलं: 'ताईले नमस्कार. तुमच्या गाण्यावर आमच्या इकडच्या पोरी सासरी गेल्या. गाण्याची काळजी करू नये. टोपी सापडली असन त कळवा.' पुतणीच्या मैत्रिणीने त्याचं जपानी करून गाण्याच्या कंपनीला पाठवलं.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. त्या बाई आता एका चष्म्याच्या दुकानात बसत. टोपी सापडली नव्हती. आयुष्यात आपण तेवढं एकच गाणं गायलं, असं लिहून त्यांनी शेवटी विचारलं होतं, 'त्या सगळ्या मुली बऱ्या आहेत ना?'

नानांनी पत्राची घडी करून ते खिशात ठेवलं. "हे अंदाजानं कसं सांगावं? जाऊन पाहा लागते."

आणि खरोखरच निघाले. एसटीने, जीपने, गावोगाव, प्रत्येक मुलीच्या सासरी. रविवारी मी सोबत असे. दारात उभं राहून ते म्हणत, "जपानच्या बाईनं इचारलं हाय, तू बरी हायेस काय?" एका जावयाला ती सरकारी योजना वाटली, त्याने बायकोचं आधार कार्ड आणि दोन फोटो आणून दिले. एका सासूने विचारलं, "सुनेलेच काऊन इचारता? मी काय वाईट हाय?" नानांनी तिचंही वहीत लिहून घेतलं.

नाना गेले, त्याला वर्ष होत आलं. निम्म्या मुली भेटायच्या राहून गेल्या. उत्तर अपुरंच, तसंच आम्ही पाठवून दिलं. मला मात्र साखरखेर्ड्याची ती दुपार आठवते. त्याच गाण्यावर तिथे सासरी गेलेल्या बेबीताईने चहा केला, खाली मान घालून म्हणाली, "लिहा, मजेत हाय." नानांनी लिहिलं. आम्ही स्टँडवर आलो, तर मागून ती अनवाणीच धावत आली.

"नाना, ते मजेत हाय खोडा."

"मंग काय लिहू माय?"

"लिहा, मालक गेल्यापासून घरात कोनी बोलत नाई माह्यासंगं." तिने तळपायात रुतलेला खडा काढला. "मले हे आजवर कोनी इचारलंच नव्हतं."

नाना खाली बसले, वही मांडीवर घेतली. "सांग. सावकाश सांग." ती त्यांच्या शेजारी टेकली आणि सांगू लागली. आमची मेहकरची गाडी आली, कंडक्टरने दोनदा घंटी मारली, गाडी निघून गेली. नानांनी वर पाहिलंच नाही.