जाऊन राह्यला

शुद्ध बोला, म्हणून मी भोकरदनच्या शाळेत तीस वर्षं पोरांचे कान उपटले. घरात मुलीलाही सोडलं नाही. ‘करून राह्यले’ म्हणाली की ‘करते आहे’ पाच वेळा लिहायला लावायचो. त्या व्याकरणाने पुढे माझंच नाक कापलं.

मी निवृत्त झालो त्या वर्षी ती दक्षिणेत एका छोट्या वैज्ञानिक उपग्रहावर काम करत होती. पाच वर्षांची मेहनत. उपग्रह वर गेला, पण दोनपैकी एक सौरपंख उघडलाच नाही आणि तो मुका झाला. संध्याकाळच्या फेरीला तो पृथ्वीच्या सावलीत असायचा, सकाळी केंद्राची सिग्नल पकडणारी मोठी तबकडी दुसऱ्या कामात. चार दिवसांत आवाज आला नाही, तर साहेब काम बंद करणार होते. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना. ती म्हणाली, "बाबा, सकाळी तुम्ही ऐका."

तीन सकाळी नुसती खरखर. चौथ्या दिवशी टिकटिक आली! वाढली, बारीक झाली, परत वाढली. मी फोनवर झेपावलो, केंद्राचा नंबर फिरवला. ती ड्यूटी संपवून झोपली होती, फोन तिच्या पुण्याच्या सहकाऱ्याने घेतला. मी ओरडलो, "आवाज आल्ता! आता जाऊन राह्यला!" आणि लाइन कटली.

त्या भल्या माणसाने लिहून ठेवलं, आवाज आला होता, आता गेला.

दुपारी तिचा रडवेला फोन. "संपलं, बाबा. शेवटचा आचका होता म्हणतायत, आज बंद करतायत."

"काहून? जाऊन राह्यला म्हनलं न्हाई का मी?"

ती हळूच म्हणाली, "म्हणजे जात होता? गेला नव्हता?"

"अगं, येऊन राह्यला, जाऊन राह्यला, मंग परत येऊन राह्यला! वीस सेकंदाला, बराबर!"

उपग्रह गिरक्या घेत होता. चांगल्या पंखावर ऊन पडलं की बोलायचा, आणि तेवढ्यात त्याला सूचना देता येणार होती. फोन आपटून ती साहेबांकडे धावलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या चमूने भांडून तबकडी मिळवली आणि आवाज वाढताच हुकूम सोडला, गिरक्या थांबव, पंख उन्हाकडे धर. मी रेडिओपाशी. राजूरच्या गणपतीला निघालेली बायको दारातच थांबली. टिकटिक बारीक झाली, तसा मी कान रेडिओला लावला. मग ती वाढली आणि वाढलेलीच राहिली.

फोन वाजला. साहेबांसमोर, त्या पुणेकरासमोर मुलगी ओरडत होती, "बाबा, येऊन राह्यला! बराबर येऊन राह्यला!"

मला तिची चूक काढता आली नाही. मी म्हटलं, "बराबर!"