मर्लचे गुलाब आणि पानं कातरणाऱ्या माश्या

मर्ल स्टॅनवे टुवूंबा शहरात माझ्या घरासमोर राहते. नोकरीची सगळी वर्षं तिने कत्तलखान्यात मांस पाकिटांत भरण्यात काढली. नवरा तरुणपणीच सोडून गेला, त्याचं नाव काढलेलं तिला खपत नाही. मूलबाळ नाही. आहेत ते गुलाब. मार्चातल्या फुलांच्या प्रदर्शनात तिला पहिली निळी फीत, म्हणजे पहिला नंबर, मिळाली तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. तोवर तिला कुणी बरं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

तिच्या शेजारी कॉलिन ड्रायर राहायचा, निवृत्त पोस्टमन. त्याला माश्यांचं वेड लागलं. इथल्या मूळच्या, मधमाश्यांच्या जातीतल्या, पण पोळं करणाऱ्या नव्हेत. या एकेकट्या राहतात, भोक दिसेल तिथे घर करतात. त्याने जुन्या ओंडक्यांना ड्रिलने भोकं पाडली आणि ते दोघांच्या मधल्या कुंपणावर टांगले. उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे डिसेंबरात, माश्या आल्या. त्यांना भोकात अस्तर लावायला कोवळी पानं लागतात, आणि मर्लचे गुलाब तर हाताशीच. आठवडाभरात तिच्या झाडांच्या पानापानाला कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल पडले.

तिने ओंडके काढायला सांगितलं. कॉलिन हसला. त्या फुलाला हात लावत नाहीत, म्हणाला, चार पानांनी काय बिघडतं. प्रदर्शनात परीक्षक पानंही बघतात हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ती सांगायला गेली तर ऐकून घेण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हता. त्या मार्चात मर्लला साधा उल्लेखही मिळाला नाही. घरी आल्यावर तिने गाडीचं दार आपटलं ते मला रस्त्यापलीकडे ऐकू आलं.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलिन गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. परतला तेव्हा ओंडक्यांची सगळी भोकं बुजलेली. माश्या बाहेर घिरट्या घालत होत्या, धडका देत होत्या. मी तेव्हा मर्लच्या अंगणातच होते.

"मर्ल, हे तू केलंस?" कुबडीवर रेलून त्याने कुंपणापलीकडून विचारलं.

"हो. खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी भरली. चांगली बसलीय ना?"

"आत पिल्लं होती."

"माझ्या पानांत गुंडाळलेली," मर्ल म्हणाली आणि नळ सोडून पाणी घालायला लागली.

त्याने लांबी उकरून काढली नाही. ओंडकेही तसेच टांगलेले राहू दिले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं जवळजवळ बंद झालं. त्याच्या रेडिओचा आवाज मात्र मोठा झाला आणि तो तिच्या खिडकीकडे तोंड करून लागायला लागला.

माश्या कुठे जाणार? मर्लचं घर जुनं, फळ्यांचं. खिळे गंजून पडलेले, त्यांची भोकं उघडी. त्या तिच्या भिंतीत शिरल्या. नळाला लावायच्या रबरी पाइपात शिरल्या. तिने पाइप झटकला तर त्यातून विडीसारखी हिरवी सुरळी पडली. रंगावरून कुठल्या झाडाचं पान ते तिने ओळखलं. तशा ओंजळभर सुरळ्या गोळा करून ती कॉलिनच्या पायऱ्यांवर टाकायला गेली.

"तुझी पिल्लं घे."

"माझी कुठली?" तो शांतपणे म्हणाला. "भिंत तुझी, पानं तुझी. तूच वाढव."

त्याच संध्याकाळी तिने दुकानातलं सगळ्यात जहाल औषध आणलं आणि झाडांवर, भिंतीवर, ओसरीखाली फवारलं. मी अडवायला गेले तर मला म्हणाली, तुला काही उगवता येत नाही, तू बोलू नकोस. माश्या मेल्या. त्यांच्याबरोबर कीड खाणारे ढालकिडेही मेले, आणि मग पानांचा रस शोषणारा लाल कोळी सुटला. त्याला खाणारं कुणी उरलंच नव्हतं. पानं तांबूस झाली, गळाली. मार्च येईपर्यंत मर्लच्या अंगणात नुसत्या काटेरी काड्या होत्या. कॉलिन रोज सकाळी चहाचा मग घेऊन कुंपणाशी उभा राहायचा. एकदा तिने त्याच्यावर पाण्याची धार सोडली. तो भिजला, पण हलला नाही.

वर्षभराने तो घर विकून मुलीकडे रॉकहॅम्प्टनला गेला. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा मर्ल घराबाहेर आली नाही. नव्या लोकांनी ओंडके कचऱ्यात टाकले, त्या दिवशी तिने मला केक आणून दिला. इतकी खूश मी तिला फितीच्या दिवशीही पाहिली नव्हती.

आता तिने झाडांवर जाळी घातलीय. यंदा दुसरा नंबर आला. भिंतीत पुन्हा माश्या आहेत, ती रोज एखादं भोक बुजवते, त्या दुसरं शोधतात. गेल्या आठवड्यात ती माझ्या फाटकाशी आली. माझ्या नीलमोहराची फुलं वाऱ्याने तिच्या अंगणात पडतात म्हणे.

"झाड कधी तोडतेस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही तोडत.

ती माझ्याकडे बघून हसली, आणि घरात गेली.