मास्तरांचा डावा पाय

आमच्या घरचा माणूस ड्रायव्हिंग शिकवतो. अख्खी वस्ती त्यांना मास्तर म्हणते, म्हणून मीही मास्तरच म्हणते. छोटी पांढरी गाडी, टपावर पाटी, आणि शेजारच्या सीटसमोर त्यांच्यासाठी जादाचा क्लच आणि जादाचा ब्रेक. आयुष्य त्या शेजारच्या सीटवर गेलं. शिकणारा गडबडला, समोर कुत्रं आलं, की मास्तरांचा पाय आपला आपण दाबला जातो. घरी टीव्ही बघताना पडद्यावर गाडी जोरात आली तरी हे सोफ्यावर बसून फरशी दाबतात.

शिकवायची त्यांची एक रीत आहे. पहिले काही दिवस गाडी जागची हलवू द्यायची नाही. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, आणि शिकणाऱ्यानं नुसता क्लच दाबायचा आणि सावकाश सोडायचा. तळपायाला गाडी कळली पाहिजे, हा त्यांचा हेका. अर्धा क्लच ज्याला जमला तो ड्रायव्हर, ज्याला नाही जमला तो प्रवासी. मला लग्नानंतर एकदाच बसवलं होतं. गाडी गचके खाऊन दोनदा बंद पडली आणि हे म्हणाले, "तुझा पाय जड आहे." झालं, विषय मिटला. मी प्रवासी.

आता माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल सांगते. त्यांचं टाइल्सचं दुकान आहे. माणूस इतका सरळ की त्यांच्यावर रागावायला सुद्धा कारण मिळत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. ते एके काळी मास्तरांकडेच शिकायला होते. बाजाराजवळच्या चढावर, सिग्नलला, मास्तर प्रत्येकाची परीक्षा घेतात. तिथे मेहुण्यांनी क्लच सोडला तो असा, की गाडी मागे मागे जात भाजीच्या हातगाडीला टेकली. टोमॅटो रस्ताभर. मास्तरांनी ही गोष्ट घरातल्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितली आहे. दर वेळी टोमॅटो वाढतात. मेहुणे दर वेळी हसतात. मास्तरांच्या जवळ मोठं घर नाही, दुकान नाही, पण साडूचे टोमॅटो होते आणि त्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

तर या मेहुण्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. मोठी, उंच, अख्खं कुटुंब सामानासकट मावेल अशी. काही फार ऐटीतली नव्हे, हल्ली चार घरांत एक दिसते तशीच. बहीण फोनवर म्हणाली, "अगं, साधीच आहे." तिचं ते "साधीच" ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवसांनी ती आमच्या दारात आली. गाडीचा आवाज नाही, हॉर्न नाही, खिडकीतून बघते तर ही स्टिअरिंगमागे बसून हात हलवतेय. माझी धाकटी बहीण, जिच्या वेण्या मी घातल्या, जी सायकलवरून पडली म्हणून मी मार खाल्ला. गाडीचा हेवा मला वाटला नाही. दारात उभी राहून तिच्या हातातल्या त्या चाकाचा वाटला, आणि इतका वाटला की चहात साखर घालायची विसरले.

आमच्या दोन्ही घरांत एक पद्धत पडून गेली आहे. नवीन गाडी कोणीही घेवो, मास्तरांनी ती चालवून बघितल्याशिवाय आणि निकाल सांगितल्याशिवाय तिला कोणी चांगली म्हणत नाही. मास्तर गाडीभोवती फेरी मारतात, टायर अंगठ्यानं दाबतात, दार आपटून बघतात, मग बॉनेट उघडायला लावून डोळे मिटून इंजिन ऐकतात. मेहुण्यांनी तसंच सगळं साग्रसंगीत करायला बोलावलं. गाडी सुरू केली, बाजूला झाले. मास्तर डोळे मिटून उभे. बराच वेळ उभे. मग म्हणाले, करा सुरू. मेहुणे हळूच म्हणाले की सुरूच आहे. बहिणीनं तोंडाला पदर लावला. मास्तर म्हणाले, ते कळतंय मला.

मग चक्कर. मास्तर चाकावर, मेहुणे शेजारी, मी, बहीण आणि आमची लेक मागे. गाडी निघाली ती लोण्यासारखी. मला ते कबूल करायचं नव्हतं. कोपऱ्यावर एक स्कूटर आडवी आली आणि मास्तरांचा डावा पाय, ज्याला सगळी वस्ती मानते तो डावा पाय, सवयीनं क्लच दाबायला गेला. तिथे क्लच नाही. तिथे रुंद ब्रेक आहे. गाडी अशी थांबली की माझं कपाळ पुढच्या सीटवर, बहिणीच्या मांडीवरची पर्स पुढे, आणि मागच्या रिक्षावाल्यानं आमच्या सात पिढ्या काढल्या. कोणी हसलं नाही. मेहुणे म्हणाले, होतं असं, पहिल्या आठवड्यात मलाही झालं होतं. त्यांनी टोमॅटोंचा बदला घेतला असता तर बरं झालं असतं. त्यांनी समजूत घातली, आणि मास्तरांचे कान लाल झाले.

परत आल्यावर मास्तरांनी निकाल दिला. मागे पाय ठेवायची जागा उंच, खाली बॅटरी आहे ना, त्यामुळे गुडघे वर येतात आणि मांडी अधांतरी राहते, म्हाताऱ्या माणसाला लांबचा प्रवास नको वाटेल. हवा थंड करायला सुद्धा पडद्यावर बोट फिरवावं लागतं, म्हणजे रस्त्यावरची नजर गेली. कंपनी सांगते तेवढं अंतर मोठ्या रस्त्यावर एसी लावून जाणार नाही. वाटेतलं चार्जिंग बंद असलं की बसा वाट बघत. सगळं खरं होतं. मेहुणे प्रत्येक मुद्द्याला मान डोलवून म्हणत होते की अगदी बरोबर, एसी लावला की आकडा भराभर उतरतो, घरी रात्री चार्जिंगला लावून ठेवतो म्हणून निभतं. दोष काढावा आणि समोरच्यानं तो आनंदानं मान्य करावा, याच्यासारखा वैताग नाही.

आता खरी गोष्ट. आमच्या लेकीला अठरा पूर्ण झाली त्या दिवशी मास्तरांनी तिला स्वतः शिकाऊ परवाना काढून दिला होता. गाव शिकवलं, आता पोरीला शिकवणार, असं ज्याला त्याला सांगत सुटले. तिसऱ्या दिवशी चढावरच्या सिग्नलला गाडी बंद पडली, मागून हॉर्न, आणि मास्तर तिच्यावर असे ओरडले की ती गाडीतून उतरून चालत घरी आली. दुसऱ्यांच्या मुलींवर तुम्ही आवाज चढवत नाही, एवढंच ती त्यांना म्हणाली. मास्तर वाट बघत बसले, ती आपणहून परत येईल म्हणून. ती आली नाही. मला रात्रंदिवस एकच धास्ती, हिचंही माझ्यासारखं होणार. ही पण मागच्या सीटवर पर्स धरून बसणार.

आणि एक दिवस मास्तर भर दुपारी घरी आले. शिकणाऱ्याला अर्ध्यातच सोडून आले होते. बूट न काढता आत. मेहुण्यांच्या टाइल्सच्या गोदामासमोरून जाताना त्यांनी बघितलं होतं. लेक ती मोठी गाडी चालवत होती आणि साडू शेजारी बसले होते. शेजारच्या सीटवर. मास्तरांच्या जागेवर.

"शिकायचं होतं तर मला सांगायचं," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला सांगितलं होतं की तिनं. मग ते म्हणाले की तिला गाडी येत नाही, तिला नुसतं बटण दाबता येतं, क्लच नसलेली गाडी काय, पाळण्यातलं पोर पण चालवेल. जेवले नाहीत. संध्याकाळी शिकवायची पांढरी गाडी धुतली, सकाळीच धुतलेली होती तरी.

जळत होते. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण मला काय आलं सांगू? बरं वाटलं. जे माझ्या पोटात इतकी वर्षं होतं ते आता त्यांच्याही पोटात गेलं. आणि लगेच दुसरी कळ उठली. लेक चालवायला लागली होती, आणि ती मला घेऊन गेली नव्हती. बहीण तर होतीच. आता लेकही.

रविवारी लेक मेहुण्यांची गाडी घेऊन दारात आली. मेहुणे सोबत होते ते उतरून दुकानाकडे चालत गेले. ती बापाला म्हणाली की शेजारी बसा आणि निकाल द्या, गाडीचा नाही, माझा. मास्तर म्हणाले, मला काम आहे. मी त्यांचे बूट आणून पुढ्यात ठेवले.

मी मागे बसले. गुडघे वर आले, ते मात्र मास्तर खरं बोलले होते. लेक सरळ बाजाराच्या रस्त्याला लागली, आणि मला कळलं की ती मुद्दाम त्या चढावर निघाली आहे. मास्तरांनाही कळलं. खेळून परतणाऱ्या पोरांच्या घोळक्याजवळ मला दोन सीटच्या मधून मास्तरांचा पाय दिसत होता. रबरी चटईवर, जिथे काहीच नाही, तिथे दाबलेला. गाडी मंदावली. हातगाडी आली, पाय दाबला, गाडी मंदावली. चढावर सिग्नल लाल झाला. मास्तरांचे दोन्ही पाय चटईत रुतले. गाडी थांबली आणि तशीच राहिली, मागे एक बोट सरकली नाही. मागून कोणी हॉर्न वाजवला नाही. सिग्नल सुटला, आम्ही वर आलो.

गोदामाच्या आवारात तिनं गाडी उभी केली. आवार रिकामं होतं, रविवार ना. मास्तर समोर बघत विचारते झाले, "हे सगळं काकांनी शिकवलं?"

"काकांनी गाडी दिली," लेक म्हणाली. "ब्रेक कधी दाबायचा ते काकांना अजून येत नाही. उशिरा दाबतात. मी लहानपणापासून तुमचा पाय बघत आलेय, बाबा. आज पण तुम्ही दाबलात की मी दाबत होते."

मास्तर म्हणाले, "उशिरा दाबतो?" लेकीनं मान हलवली. "तो पहिल्यापासून उशिराच दाबायचा," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जन्मात साडूवर एवढी माया त्यांनी केली नव्हती. दोघं हसायला लागले. खूप हसले. बाप आणि लेक, पुढच्या दोन सीटवर, एकमेकांच्या मांडीवर थापा मारत.

आणि मी मागे. माझी धास्ती फिटली होती, मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाखाली ती जुनी कळ होतीच. त्यांचे पाय या पोरीनं इतकी वर्षं बघितले म्हणे. मी नव्हते बघत? मला माहीत नव्हतं कुठे दाबतात ते?

मी दार उघडून खाली उतरले, पुढे गेले आणि लेकीच्या बाजूचं दार उघडलं. "ऊठ," मी म्हटलं. "मागे बस."

ती उठली. मी बसले. सीट कुठून पुढे घ्यायची ते कळेना, तिनं मागून हात घालून बटण दाखवलं. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि ते काय बोलणार ते मला पाठ होतं.

"माझा पाय जड आहे," मीच म्हटलं. "हिला क्लच नाही ना?"

मास्तरांनी उघडलेलं तोंड मिटलं. मग ज्या आवाजात ते दुसऱ्यांच्या मुलींशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "डावा पाय मागे घे. त्याला विसरून जा. उजवा हळू."

मी उजवा हळू दाबला. गोदामाच्या भिंतीपासून फाटकापर्यंत गाडी नेली आणि थांबवली. मास्तरांनी चटई दाबली की नाही, मला माहीत नाही. मी समोर बघत होते.