जन्मालाच न आलेल्या भाऊलालचा दहावा

चहा आधी खाली ठेवा. नाहीतर नाकातून येईल, मग मला बोल लावाल. दहावे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, मेलेल्या माणसांचे. पण जो जन्मालाच आला नाही, त्याचा दहावा केलाय कोणी? मी केलाय! तापीच्या काठी, डोकं-मिशी उतरवून, अख्ख्या गल्लीसमोर!

बसा, सांगतो.

सुरतेत उधन्याची आमची गल्ली म्हणजे अर्धा खानदेश. दिवसरात्र कपडा विणायच्या लूमची खटाखट. मी तेव्हा लूमवरून नुकताच घरी बसलेलो. सही करण्यापुरतं लिहिता येतं, म्हणजे पेपर वाचून वेळ घालवायचीही सोय नाही. मग माणूस करणार काय? लोकांच्या खोड्याच काढणार ना!

त्यात समोरच्या मंगलाताईनं गल्लीत बॉम्ब टाकला.

मंगलाताई बँकेत होती. चाळिशीची, लग्न केलं नाही. बोलायला गोड, पण मनात आलं की कोणाच्या बापाला ऐकायची नाही. एक दिवस नळावर पाणी भरता भरता सहज म्हणाली, "आप्पा, पुढच्या महिन्यात मी व्हेनिसला चाललेय."

"कोणत्या तालुक्यात आलं हे?"

"इटलीत. युरोप."

"कोण कोण चाललंय?"

"मी."

"अजून?"

"अजून पण मीच."

माझी बादली भरून वाहायला लागली तरी मला भान नाही. एकटी? बाई माणूस? तिथं नोकरी नाही, नातेवाईक नाही, देव नाही, डॉक्टर नाही. मग कशाला? तर म्हणे, बघायला! बँकेच्या कॅलेंडरवर त्या गावाचं चित्र आलं होतं. ते पान तिनं किती वर्षं भिंतीवर लावून ठेवलेलं. मला घरात नेऊन दाखवलं. गल्ल्यागल्ल्यांत पाणी, आणि लोक होडीतून फिरून राहिलेत. होडीत बघावं तर जोडपंच. हातात हात!

"पोरी," मी म्हटलं, "गल्लीत भरलेलं पाणी बघायला एवढ्या लांब? जुलैत आपल्याच ओट्यावर बस की! मी तुला पत्र्याच्या टपात घालून स्टेशनपर्यंत वल्हवत नेतो."

हसली. पण पोटातलं काही सांगेना.

आता मला सांगा, जोडप्यांच्या गावाला बाई एकटी कशाला जाईल? नक्की तिथं कोणीतरी तिची वाट बघत असणार! कोण असेल? गोरा असेल का आपलाच? मला जेवण जाईना. सरळ विचारलं तर ती सांगणार नाही. मग मी डोकं चालवलं. तेव्हा त्याच्यावर केस होते.

आपल्याकडे कोणी परदेशी निघालं की त्याच्याबरोबर डबा द्यायचा रिवाजच आहे ना? मी बिबड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांची, पिशवी घेऊन गेलो.

"ताई, माझा पुतण्या आहे तिथं. भाऊलाल. एवढे बिबडे दे त्याला."

पुतण्या कुठला! नावसुद्धा दार ठोठावता ठोठावता सुचलेलं. पण माझा हिशोब असा, की तिचा कोणी असेल तिथं, तर गावाकडचा माणूस बघणार म्हणून ती दचकणार. दचकली की पकडली!

दचकली का? छे! पिशवी हातात घेतली. "कुठे भेटेल?"

"पुलावर. संध्याकाळी उभा असतो."

"तिथं पूलच पूल आहेत, आप्पा."

"मग... सगळ्यात मोठ्या पुलावर."

"ओळखायचा कसा?"

मी मिशीला पीळ दिला. काय मिशी होती माझी! दोन्ही टोकांवर लिंबू ठेवा, पडायचं नाही. म्हटलं, "अशी मिशी दिसली की समज, तो भाऊलाल. घराण्याची खूण आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बरं."

तिथंच मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

दिवस मावळायच्या आत गल्लीभर झालं, आप्पाचा पुतण्या युरोपात आहे! कोणी कुरडया आणून दिल्या. कोणी विचारलं, "माझ्या पोराला चिकटवेल का तिकडं?" आणि शेजारचे निंबाभाऊ आले ते हातात पेढेच घेऊन. त्यांची रेखा लग्नाची होती.

"आप्पा, भाऊलालचं लग्न झालं का?"

आता बघा, तोंडात पेढा असला की माणसाची जीभ आपोआप गोड होते. मी म्हणालो, "कुठलं लग्न! सासू नाही, सासरा नाही, नणंदेचा ताप नाही. पोरका पोरगा, मीच वाढवला, या अंगाखांद्यावर!"

सासू नाही म्हटल्यावर निंबाभाऊंची बायको रडायलाच लागली. आनंदानं!

इकडे बायांनी मंगलाताईची ओटी भरली, हातावर दही दिलं, आणि ती बिबडे घेऊन एकटीच निघूनही गेली. मी टाळ्या देत हसलो. पण दुसऱ्याच दिवशी रेखा ओट्याशी आली. डोळे सुजलेले.

"आप्पा, तिकडं सचिन गावात कपडा रंगवायच्या कारखान्यात आहे, तो मुलगा बघून गेला होता ना, मला पसंत आहे. त्यालाही मी पसंत आहे. रविवारी ते लोक शेवटचं विचारायला येणार. आणि बाबा म्हणताहेत, भाऊलाल असताना सचिनवाला कशाला?"

खरं सांगावं तर गल्लीनं मला लुंगीसकट लूममध्ये घातलं असतं. न सांगावं तर पोरीचं वाटोळं. फिरत फिरत कोपऱ्यावरच्या पीसीओपाशी गेलो. पीसीओवाला गुजराती म्हणाला, "शुं थयुं काका? तोंड असं का?" आणि टेलिफोन बघून मला आयडिया आली.

मी भाऊलालला मारून टाकला.

धावत गल्लीत आलो, ओट्यावर बसकण मारली. "फोन आला हो! होडी उलटली! गेला माझा भाऊलाल!"

वाटलं, झालं, सुटलो. कुठलं सुटतो! निंबाभाऊंनी असा गळा काढला की चार घरांचे लूम बंद पडले. बाया जमल्या. कोणीतरी माझ्याच घरची चूल विझवली. आमची मंडळी दारात उभी. तिला माझे सगळे नातेवाईक तोंडपाठ. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मी मान खाली घातली.

मग म्हातारे बसले. "क्रिया कोण धरणार?"

"त्याला कोणी नाही. आप्पांनीच वाढवला. आप्पाच धरतील."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दहाव्याला डोकं. आणि मिशी."

मी आत पळालो. मंडळी म्हणाली, "आते भोगा!"

आणि रविवारी सचिनहून माणसं आली, तर निंबाभाऊ त्यांना काय म्हणाले? "आमचा जावई होता होता गेला. दहावा होईपर्यंत लग्नाचं बोलणार नाही." ज्याच्यासाठी मारला, तेच काम अडून बसलं!

दहाव्याला तापीवर न्हाव्यानं एका हातानं मिशी धरली. डोळे मिटले मी. उघडले तर ती पाण्यात, चालली हजीऱ्याकडे, समुद्राला.

पिंड ठेवला. आता कावळा शिवला पाहिजे. कावळे भरपूर, पण एकही खाली येईना. येईल कसा? मेलं कोण होतं? कावळ्यांना कळत होतं, माणसांना नाही! लोक हात जोडून म्हणताहेत, "भाऊलाल, बिबडे पोचले नाहीत का? तुला दूध हवंय का?" मी मनात म्हटलं, बाबा कावळ्या, एकदा शिव, यापुढे खोटं बोलणार नाही. तर जो एक झाडावर बसला होता, तोही उडून गेला!

निंबाभाऊ डोळे पुसत उठले. "मला कळलं. त्याचा जीव आमच्या रेखात अडकलाय. आता मी सचिनवाल्यांना कसा हो म्हणू?"

रेखा माझ्याकडे बघत होती. खरं सांगतो, तेव्हा बोडक्या डोक्यावर ऊन नाही, तिची नजर लागत होती. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी ठरवलं, आता मार खायचा पण खरं बोलायचं. तोंड उघडलं, आणि रिक्षा थांबली.

मंगलाताई उतरली. माझं डोकं बघितलं, ओठ बघितला. "आप्पा! काय झालं हे?"

निंबाभाऊ हुंदका देऊन म्हणाले, "भाऊलाल बुडाला, ताई. आज दहावा केला."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी सगळ्यांच्या पाठीमागून हात जोडले.

"काहीतरीच! मग परवा पुलावर माझ्या हातून बिबडे कोणी खाल्ले?" असं म्हणून तिनं पर्समधून फोटो काढला. तिथंच धुऊन आणलेला.

फोटोत एक होडीवाला, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, हातात अर्धा खाल्लेला बिबडा, दात काढून हसतोय. आणि मिशी! काय मिशी! दोन्ही टोकं वर!

"आप्पांचीच मिशी!" सगळी गल्ली ओरडली. "जिवंत आहे! फोनच चुकीचा आला! म्हणून तर कावळा शिवला नाही!"

निंबाभाऊ उडी मारून उठले. "रेखा, नारळ आण!"

मी पुन्हा हात जोडले. तेवढ्यात मंगलाताई पर्स बंद करता करता म्हणाली, "नारळ कशाला, निंबाभाऊ? लग्न झालंय त्याचं. दोन पोरं आहेत."

संपलं! एवढंच! लग्न झालंय म्हणायचं! मला माणूस मारायला सुचलं, पण त्याचं लग्न लावायला नाही सुचलं! निंबाभाऊंनी मला शिव्या हासडल्या आणि तडक सचिनला निरोप धाडला. रेखाचं लग्न त्याच मोसमात झालं. पंगतीत पहिलं पान तिनं मला वाढलं, मंगलाताईला माझ्या शेजारी बसवून.

मी हळूच विचारलं, "ताई, खरं सांग, तिथं होतं का कोणी?"

"होतं ना."

"कोण?"

"मी." जिलबी मोडत म्हणाली, "रोज पाण्याकाठी बसायचे, पाय सोडून. अख्ख्या गावात एकानंही विचारलं नाही, बाई एकटी का आलीस. विचारलं फक्त त्या होडीवाल्यानं, की हे वाळलेलं काय खाताय, मला पण द्या."

मी जिलबी खाल्ली.

तो फोटो मंडळीनं चौकट करून भिंतीवर लावला. तो बघा. माझी मिशी काही पुन्हा तशी आली नाही, ही चार पांढरी काडकं तेवढी उरली. नवीन माणूस घरात आला की विचारतो, "हे कोण?" मंडळी लगेच सांगते, "आमच्या ह्यांचा पुतण्या. मिशी बघा, घराण्याची खूण!"

मग तो माणूस फोटोकडे बघतो, माझ्या तोंडाकडे बघतो, आणि मंडळीला हळूच विचारतो, "आणि हे बाबा? तुमच्या माहेरकडचे का?"