शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ

पुलगावच्या सायबर कॅफेत दर रविवारी माझ्या शेजारी एक गृहस्थ बसत. एका बोटाने टाइप करत ते अनोळखी लोकांना शेअर, मोबाइल, सिनेमा, क्रिकेट, सगळ्यावर सल्ले देत. स्वतःच्या खिशात मोबाइलही नव्हता.

एकदा परदेशातल्या तुम्हा नातवंडांशी चॅट सुरू केलं आणि चष्मा घरीच राहिल्याचं लक्षात आलं. त्या गृहस्थांना लक्ष ठेवायला सांगून मी तो आणायला गेले. परतले तर हे माझ्याच खुर्चीवर! आपला गप्पांचा अर्धा तास संपत आला होता.

"आजी, पोट्टे झोपाले चालले होते. म्या मॅचच्या गोष्टीत धरून ठेवले."

मी त्यांना उठवलं आणि घाईघाईने लिहिलं, "मी आले."

तुमचं उत्तर आलं, "आजी, काकांना अजून थोडं बसू दे ना."